ता.क. मधल्या गोष्टी

वाड्यातली_मुलगी

नमस्कार मंडळी.

परवा आईकडचं लोखंडी कपाट रिकामं करताना एक जुनं पोस्टकार्ड सापडलं. अर्धवट लिहिलेलं, मधोमध निळ्या शाईचा हा एवढा मोठा डाग, अक्षर माझंच, पाचवीतलं. तेव्हापासून डोक्यात तेच चालू आहे म्हणून लिहायला बसले. लांबणार आहे, सांभाळून घ्या.

आधी हे सांगते की मला लोकांच्या रोजच्या गोष्टी वाचायला भयंकर आवडतं. कोणाच्या घरी ऐन मे महिन्यात कूलरची मोटर जळली आणि सगळं घर गच्चीवर झोपायला गेलं आणि तिथे इतक्या वर्षांत पहिल्यांदा बाबा स्वतःच्या लहानपणाबद्दल बोलले. कोणी रिटायर झाल्यावर पहिल्याच सोमवारी सवयीने डबा भरून घेतला आणि मग कुठे जायचं ते कळेना म्हणून अंबाझरीच्या काठावर बसून खाल्ला. असलं काही दिसलं की मी हातातलं काम तसंच ठेवते, गॅस बारीक करते आणि वाचत बसते. कथा-कादंबऱ्याही वाचते, त्यांनी घर भरलं आहे, पण खरंच कोणीतरी जगलेलं साधंसं काही वाचताना मी त्यांच्या स्वयंपाकघरात पाटावर जाऊन बसलेली असते, ते दुसऱ्या कशाने होत नाही.

हे वेड लागलं ते नागपूरच्या महाल भागातल्या वाड्यात. बडकस चौकातून आत गेलं की गल्लीत आमचा वाडा, सात बिऱ्हाडं, मधे अंगण, अंगणात नळ. १९८४-८५ ची गोष्ट असेल. वाड्यातल्या निम्म्या बायकांना छापलेलं जेमतेम वाचता यायचं पण हातचं लिहिलेलं लागत नसे आणि मला कसलंही अक्षर लागायचं, किडेमुंगीसारखं असलं तरी. त्यामुळे दुपारी पोस्टमन येऊन गेला की कोणी ना कोणी कार्ड घेऊन आमच्या दारात यायचंच. "वाच वं बाई, काय म्हणते ते."

त्या पिवळसर कार्डाचं माप मला अजून हाताला आठवतं. चौदा बाय नऊ सेंटीमीटर, पंधरा पैसे. वरती मधोमध श्री, उजव्या कोपऱ्यात गाव आणि तारीख. मग तीर्थरूप सौ. आईस शिरसाष्टांग नमस्कार वि. वि., पत्रास कारण की, इकडे सर्व क्षेम आहे, तुमचेकडील क्षेम कळवणे. मग कोणाचं लग्न ठरलं, कोणाची बदली झाली, धान किती झालं. शेवटी कळावे, लोभ असावा, मोठ्यांस नमस्कार आणि लहानांस आशीर्वाद. पन्नास पत्रं वाचली की हे सगळं पाठच होतं. मी ते भरभर वाचून टाकायचे, ऐकणारीलाही घाई नसायची, ती मान हलवत राहायची.

आणि मग मी कार्ड आडवं धरायचे.

कारण लिहिणाऱ्याची जागा संपलेली असायची आणि तेव्हा कुठे त्याला खरं सांगायचं ते आठवलेलं असायचं. डाव्या समासात, बारीक अक्षरात, उभ्या ओळीत. ता.क.

आमच्या शेजारी काटोलवाल्या काकू राहायच्या. त्यांची मुलगी बालाघाटला दिलेली, दर महिन्याला तिचं कार्ड यायचं. एकदा असंच क्षेम वगैरे झालं, नणदेच्या डोहाळेजेवणाचं झालं आणि मी कार्ड फिरवलं. समासात लिहिलं होतं, "ता.क. मुंगवड्या संपल्या. डबा धुतला नाही अजून, वास आहे."

काकू काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ते शेवटलं आणखी एक डाव वाच." मी वाचलं. त्यांनी कार्ड माझ्या हातातून घेतलं, पदराने पुसलं, त्याच्यावर काहीही लागलेलं नव्हतं तरी पुसलं, आणि आत निघून गेल्या. थोड्या वेळाने त्यांच्याकडून पितळी पातेल्यात डाळ ओतल्याचा आवाज आला. मुगाची डाळ भिजत घालून राहिल्या होत्या.

मी तेव्हा दहा वर्षांची होते, पण बालाघाटचं ते घर मला दिसलं. फडताळ दिसलं, रिकामा डबा दिसला, झाकण उघडून वास घेऊन पुन्हा लावून टाकणारी ती ताई दिसली, जिला मी आयुष्यात दोनदा पाहिलं असेल. त्या दिवसापासून मी वाचते ती असल्या ओळींसाठीच वाचते.

तर ज्यासाठी धागा काढला ते हे, की तुमच्याकडच्या ता.क. मधल्या गोष्टी लिहा. पत्रातलीच हवी असं काही नाही. जी सांगायची राहून गेली, जी फार छोटी वाटली, ती.

तर्री_जास्त

वाचून अंगावर काटा आला ताई. आमच्या आजीकडे कोपरा फाटलेलं, म्हणजे कोणी गेल्याच्या बातमीचं, कार्ड आलं की कोणी घरात न्यायचं नाही. उंबऱ्याबाहेरच उभं राहून वाचायचं आणि तिथेच फाडून टाकायचं, मग सगळ्यांनी आंघोळी करायच्या. आणि लग्नाच्या बातमीचं असलं की कडेला हळदकुंकू. म्हणजे वाचता न येणाऱ्या माणसालाही कार्ड हातात येताच अर्धं पत्र कळायचं.

छोटी_लाइन

माझे बाबा परासियाला कोळशाच्या खाणीत होते, आम्ही सावनेरला. बाबा पत्र लिहायचे नाहीत, मनिऑर्डर करायचे. ज्यांनी पाहिली असेल त्यांना आठवेल की फॉर्मच्या खालच्या भागात निरोपासाठी चिमूटभर जागा असायची, पोस्टमन पैसे मोजून द्यायचा आणि तेवढा तुकडा फाडून हातात ठेवायचा. आईने ते सगळे तुकडे तांदळाच्या डब्यात ठेवले होते, तांदूळ उपसले की हाताला लागायचे.

बहुतेकांवर एकच मजकूर, "पैसे पाठवले, पोच कळवणे." एकावर "पोरीला पावसाळी चप्पल घेणे." आणि एकावर फक्त "आज भात जमला."

बाबा घरी असताना चूल कधी पेटवली नव्हती त्यांनी. तिकडे गेल्यावर किती दिवस करपलेला किंवा गिचका भात खाल्ला असेल ते कधी बोलले नाहीत, आईनेही विचारलं नाही. पण तो तुकडा आई सगळ्यांना दाखवायची, शेजारपाजारच्यांना, माझ्या मामाला, माझ्या सासूबाईंनासुद्धा दाखवला. तीन शब्द. बाबा गेले त्याला अकरा वर्षं झाली. माझ्या हातून मोकळा भात झाला की मी अजून मनात म्हणते, आज भात जमला.

वाड्यातली_मुलगी

छोटी_लाइन, हे वाचून मी उठून पाणी पिऊन आले. पुन्हा वाचलं. आणखी तुकडे असतील तर लिहा नं, कितीही असू द्या.

लाल_पेटी

मी पोस्टात होतो, नागपुरातच, सॉर्टिंगला बरीच वर्षं काढली. थोडं आमच्या बाजूने सांगतो.

आपल्याकडे पोस्टकार्ड १८७९ साली आलं, तेव्हा पाव आण्याला मिळायचं. सगळ्यात स्वस्त म्हणून ते गरिबाचं झालं, आणि दुसरी एक गोष्ट म्हणजे त्याला शब्दाचे पैसे नव्हते. तारेला शब्दागणिक पैसे पडायचे म्हणून तारेत कोणी गोष्ट सांगत नसे, "फादर सीरियस, स्टार्ट इमिजिएटली" एवढंच. कार्डाला मात्र दहा शब्द लिहा की दोनशे, किंमत तीच, म्हणून माणूस कडेकडेने, पत्त्याच्या बाजूच्या डाव्या अर्ध्या भागात, पार शिक्का पडतो तिथपर्यंत लिहीत जायचा. तुम्ही म्हणता तो समास भरायचा तो त्यामुळे. तारही २०१३ च्या जुलैत बंद झाली.

दुसऱ्याचं पत्र वाचायचं नाही हे आमच्या हाडात भिनलेलं होतं. पण कार्ड उघडं असतं, पत्ता बघताना नजर पडायचीच. एकदा पत्त्याच्या शेजारी लहान मुलाच्या अक्षरात ओळ होती, "आजोबा, बैलाचं शिंग मीच तोडलं, दादाने नाही." तान्हा पोळ्यानंतरचा आठवडा होता, लाकडी बैलाचं शिंग असणार. कार्ड योग्य त्या खान्यात टाकलं. आजोबांनी काय उत्तर दिलं असेल याचा विचार मी अजून करतो.

वाड्यातली_मुलगी

काका, दंडवत. पिनकोडची आठवण आली तुमच्यामुळे. काकूंचं उत्तर मीच लिहून द्यायचे, त्या सांगायच्या आणि मी लिहायचे, आणि शेवटी दर वेळी विचारायच्या, "ते सहा आकडे टाकले का वं, नाहीतर बालाघाटचं पत्र बल्लारशाले जाईन." ४८१००१, अजून पाठ आहे. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला आणि तो आणणारे श्रीराम भिकाजी वेलणकर संस्कृतात कविता लिहीत हे मला फार पुढे कळलं, कळलं तेव्हा इतका आनंद झाला म्हणून सांगू.

जुनी_पोथी

ताई, तुम्ही जे करत होता ते आपल्या विदर्भात सातशे वर्षांपूर्वी एका माणसाने केलं आहे. म्हाइंभट. तेराव्या शतकात, चक्रधरस्वामी गेल्यानंतर हा माणूस त्यांच्या एकेका भक्ताकडे गेला, तुम्ही काय पाहिलं, स्वामी तेव्हा काय म्हणाले, कुठे बसले होते असं विचारत फिरला आणि ते सगळं लिहून ठेवलं. तेच लीळाचरित्र, मराठी गद्याची सुरुवात आपण जिथून मानतो ते. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला हे काम झालं, आता तिथे मराठी भाषा विद्यापीठ आहे.

लोकांना वाटतं धर्मग्रंथ म्हणजे मोठं तत्त्वज्ञान असणार. आहेच. पण त्यात जेवायला काय होतं, कोणाला कशाचा राग आला, कोणी कोणाची समजूत काढली, वाटेत कोण भेटलं हेही आहे, आणि ते बोलल्यासारखं लिहिलं आहे. परंपरा असं सांगते की मूळ प्रत पुढे धामधुमीत हरवली, तेव्हा अनुयायांनी आठवून आठवून ती पुन्हा उभी केली. हे किती मोठं आहे बघा, की कोण कुठे बसलं होतं ते लोकांनी एकदा लक्षात ठेवलं, हरवलं तर पुन्हा आठवलं. मी एम. ए. ला असताना पहिल्यांदा नेटाने वाचलं तेव्हा आजीच्या बोलण्याची आठवण येत होती, म्हणजे शब्द वेगळे, पण सांगायची चाल तीच.

स्पष्ट_बोलतो

सगळ्यांचा मान ठेवून वेगळं मत मांडतो. घरातल्या गोष्टी घरात राहाव्या. आज जो तो उठून आपल्या आईचं, बायकोचं, मुलाचं चारचौघांत मांडतो, वाचणारे हळहळतात, आणि ज्याची गोष्ट आहे त्याला कोणी विचारलेलं नसतं. त्या काकूंना विचारलं होतं का कोणी, की तुमच्या मुलीचं पत्र चाळीस वर्षांनी इतक्या लोकांपुढे वाचू का?

तर्री_जास्त

अहो भाऊ, इतकं काऊन मनावर घेता, ताईंनी कोणाचं नाव घेतलं नाही.

वाड्यातली_मुलगी

नाही तर्री_जास्त, त्यांचा प्रश्न बरोबर आहे आणि मी त्याला उत्तर दिलं पाहिजे, कारण माझ्या हातून हे एकदा झालेलं आहे.

डब्याच्या पत्रानंतर पाच-सहा महिने झाले असतील, उन्हाळ्याच्या सुट्ट्या, सगळ्या बायका अंगणात शेवया करत बसल्या होत्या, बाजेवर धोतर पसरलेलं. बालाघाटचं कार्ड आलं. मी तिथेच, सगळ्यांच्या मधे, मोठ्याने वाचायला लागले, तोवर मला वाचून दाखवण्याचा अभिमान वाटायला लागला होता. कार्ड फिरवलं आणि समासातलंही तशाच खणखणीत आवाजात वाचलं. त्यात ताईने नवऱ्याबद्दल लिहिलं होतं. काय ते मी इथे लिहिणार नाही. एवढंच की ते फक्त आईसाठी होतं. अंगण एकदम गप्प झालं. कोणीतरी शेवयांबद्दल काहीतरी बोललं आणि सगळ्या जणी मान खाली घालून पुन्हा हात चालवायला लागल्या.

काकू मला रागावल्या नाहीत. एक शब्द नाही. पण पुढच्या वेळी कार्ड आलं तेव्हा त्यांनी मला हाताला धरून माडीवर नेलं, दार ओढून घेतलं आणि म्हणाल्या, "आता वाच, हळू." त्यानंतर कायम तसंच. मला वाटतं दहाव्या वर्षी मला कोणी याहून मोठं काही शिकवलं नाही. ते अंगण अजून स्वप्नात येतं.

म्हणून स्पष्ट_बोलतो, डब्याची ओळ मी लिहिली ती काकूंनी स्वतः पुढे कितीदा तरी बायकांना सांगितलेली आहे, कौतुकाने, डोळ्यांत पाणी आणून. माडीवरची पत्रं मी कोणाला सांगितलेली नाहीत, माझ्या नवऱ्यालाही नाहीत. सगळ्यांना विनंती की लिहिताना अंगणातलं कोणतं आणि माडीवरचं कोणतं ते बघून लिहा.

स्पष्ट_बोलतो

सविस्तर लिहिलंत, आभारी आहे. माझं कारण सांगतो. आईच्या शेवटच्या आजारपणात नात्यातल्या एकाने तिच्याबद्दल मोठा लेख लिहिला, फोटोसकट. लोकांनी खूप नावाजला. आई तेव्हा शुद्धीवर होती, तिने तो वाचला. तिला आपले केस गेलेले आहेत हे भावकीला कळू द्यायचं नव्हतं. मला ते विसरता येत नाही. अंगण आणि माडी हे पटतं मला, पण माडी कोणती हे लिहिणाऱ्याने ठरवायचं की जिची गोष्ट आहे तिने, हा प्रश्न माझ्यासाठी उरतोच.

वाड्यातली_मुलगी

तिनेच. माणूस हयात असेल तर विचारायचंच. नसेल तर त्यांनी आपल्या तोंडाने जे चारचौघांत सांगितलं असेल तेवढंच. मी तरी असं पाळते. तुमच्या आईंबद्दल वाचून फार वाईट वाटलं.

मिलचा_भोंगा

माझे आजोबा एम्प्रेस मिलमध्ये होते. टाटांनी १८७७ साली सुरू केलेली मिल, नागपूरच्या कितीतरी घरांची चूल तिच्यावर पेटायची. मिलबद्दल लिहिताना लोक संपाबद्दल लिहितात, ती बंद पडल्याबद्दल लिहितात, आणि ते लिहायलाच पाहिजे. मी आजीबद्दल सांगतो, तिला विचारलं आहे, ती हो म्हणाली आहे, नव्वदीची आहे.

आजीकडे घड्याळ नव्हतं. भोंगा झाला की ती डाळ चुलीवर चढवायची, म्हणजे आजोबा चालत घरी येईपर्यंत वरण तयार. आजोबा आले की दारातच उभे राहायचे, आजी फडक्याने त्यांच्या डोक्यावरचा, भुवयांवरचा, कानावरच्या केसांतला कापूस झटकायची, मग ते आत येऊन आम्हाला घ्यायचे. मला लहानपणी वाटायचं की सगळ्यांचेच आजोबा पांढऱ्या भुवयांचे असतात आणि झटकल्या की काळ्या होतात.

मिल बंद पडली, भोंगा बंद झाला. आजी डाळ त्याच वेळेला चढवत राहिली. मी घड्याळ लावून बघितलं आहे, पाच मिनिटांच्या वर फरक पडत नसे. तिला विचारलं तुला कसं कळतं गं, तर म्हणाली, ऐकू येते नं.

सेकंड_इयर

मी सगळं वाचून राहिलो रात्रीपासून, उद्या इंटर्नल आहे तरी. हिंगण्याच्या बाजूला कॉलेज आहे, होस्टेलला राहतो. मलाही लिहायचंय पण माझ्या आयुष्यात काही घडतच नाही. लेक्चर, मेस, मोबाइल, झोप. तुमच्यासारखे वाडे नाहीत, पत्रं नाहीत. सुरुवात कुठून करू?

वाड्यातली_मुलगी

बाळा, आधी परीक्षा दे. मग असं कर की या आठवड्यात जे तुला दोनदा आठवलं असेल ते लिही. मोठं नको. मी कोण, माझं गाव कोणतं, मला लहानपणापासून वाचनाची आवड असलं क्षेमकुशल सगळं सोडून दे, सरळ कार्ड आडवं धर. कोण काय बोललं ते त्याच शब्दांत लिही, सुधारून लिहू नको. भाजी कोणती होती, पंखा फिरत होता की नव्हता, किती पैसे दिले, हे लिही. तुला काय वाटलं ते शेवटी समजावून सांगायचा मोह होईल, ते नको लिहू, आम्हाला कळतं.

सेकंड_इयर

परीक्षा झाली. लिहिलं.

माझा रूममेट भामरागडच्या बाजूचा आहे. रोज रात्री नऊनंतर त्याच्या आईचा फोन येतो, ते माडियात बोलतात. मला एक शब्द समजत नाही. पण दोन वर्षं ऐकून ऐकून आता जेवलास का हे कधी विचारतात ते कळतं, कारण तेव्हा तो माझ्याकडे बघतो आणि मग हो म्हणतो. ज्या दिवशी मेसचं जेवण टाकून दिलेलं असतं त्या दिवशी तो माझ्याकडे बघत नाही, भिंतीकडे बघतो. परवा त्याला ताप होता, झोपलेला होता, फोन वाजला, मी उचलला. मला काय बोलावं कळेना. मी म्हणालो, हो. तिकडून त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत, मग हसल्या.

(त्याला विचारलंय. तो म्हणाला टाक.)

छोटी_लाइन

वा रे पोरा.

लाल_पेटी

दोनदा वाचलं. आणखी लिही.

मोडी_लागत_नाही

आमच्या घरी पणजोबांची मोडीतली पत्रं आहेत, फडक्यात बांधलेली, देवघराच्या वरच्या फळीवर. तीन पिढ्या आम्हाला वाटत होतं की त्यात जमिनीचं काहीतरी असणार, भोसल्यांच्या काळचं वगैरे असणार, चुलत्यांमधे त्यावरून थोडी कुरबूरही होती. मागच्या वर्षी मोडी वाचणाऱ्या एका सरांकडे घेऊन गेलो. त्यांनी चष्मा लावून एकेक वाचून दाखवलं. म्हैस आटली. छप्पर उत्तरेकडून गळतं, कवेलू फेरून घ्यावे. धाकटीचा खोकला बरा आहे, रात्री मध चाटवतो. एवढंच सगळं.

काका जरा हिरमुसले. मला मात्र धाकटीवरून झोप लागली नाही, कारण धाकटी म्हणजे माझ्या आजोबांची बहीण असणार आणि अशी कोणी बहीण होती हे आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं. आता ती वंशावळीत लिहिली आहे. नाव मिळालं नाही, धाकटी असंच लिहिलं आहे.

उन्हाळी_वाळवण

कालपासून वाचते आहे, सगळ्यांना नमस्कार. ताई, एक विचारू का, तुम्हाला सापडलेल्या त्या डागाच्या कार्डावर काय आहे ते तुम्ही सांगितलंच नाही.

वाड्यातली_मुलगी

अगं हो की, राहूनच गेलं.

ते काकूंचं उत्तर आहे, डब्याच्या पत्राला दिलेलं. त्या सांगत होत्या, मी लिहीत होते. चि. सौ. हिला अनेक आशीर्वाद, तुझे पत्र पोचले, वाचून आनंद झाला, इथवर लिहिलं आणि पेन झटकलं तर ढप्प करून शाई पडली. मी रडकुंडीला आले, पंधरा पैशांचं कार्ड वाया गेलं म्हणून. काकू म्हणाल्या, वाया कायले जाते, दुसऱ्यावर लिहू. दुसऱ्यावर लिहिलं, पेटीत टाकून आले. आणि हे डागाचं त्यांनी ठेवून घेतलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर, जिथे पत्ता यायचा तिथे, माझ्याकडूनच मुंगवड्यांचं सामान लिहून घेतलं, माझ्या आईला द्यायला, म्हणून ते आमच्या कपाटात. तसंच्या तसं देते:

"मुंग डाळ १ किलो रात्री भिजवणे. कोहळं अर्धं, किसून पिळून. मिरच्या १०० ग्रॅम, जास्त नको पोरं खातात. आलं बोटभर. जिरं, हिंग, सांभार. मीठ बेतानं, वाळल्यावर वाढते. बारीक वाटू नये. पहाटे घालणे, दोन उन्हं खालून, दोन वरून."

डाग इकडच्या बाजूलाही उतरला आहे, त्यामुळे हिंगाचं प्रमाण गेलं. इकडे बाहेरच्यांसाठी सांगते, सांभार म्हणजे कोथिंबीर.

उन्हाळी_वाळवण

आज पहाटे घातल्या. साडेचारला उठले, सुनेला हाक मारली नव्हती तरी ती आपणहून उठून आली. हिंग अंदाजाने टाकला. चव्वेचाळीस तापमान आहे, चार उन्हांत होतीलच. मुलगी पुण्याला असते, तिच्यासाठी स्टीलचा डबा काढून ठेवला आहे, प्लास्टिकचा नाही.

वाड्यातली_मुलगी

कोहळं पिळलेलं पाणी फेकलं नाही नं? त्यातच डाळ वाटायची, काकू तसंच करायच्या. कार्डावर लिहायचं राहिलं ते.